दुसरी तपासणी

"ताई, डॉक्टर बोलत्यात त्यातलं मला निम्मंबी कळंना झालंय. तुम्ही सांगा. माझा मालक हाय का गेला?"

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर शालन कोळेकर बसली होती. पंचविशीची असेल नसेल. जत तालुक्यातल्या एका वाडीवरून ती आदल्या दिवशी नवऱ्यासोबत ॲम्ब्युलन्समधून आली होती आणि अजून त्याच साडीत होती. तिचा नवरा बिरू द्राक्षांचा टेम्पो चालवायचा. वळणावर टेम्पो उलटला आणि त्याच्या डोक्याला मार बसला. आता तो काचेपलीकडं पडला होता. व्हेंटिलेटर श्वास देत होता म्हणून छाती वर-खाली होत होती. हृदय मात्र त्याचं त्याचंच चाललं होतं. अंग गरम होतं. दाढीसुद्धा रात्रीत थोडी वाढल्यासारखी दिसत होती. असा माणूस समोर असताना बायकोला हा प्रश्न पडणारच.

माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. प्रणिता मगदूम, प्रत्यारोपण समन्वयक. मेंदू कायमचा बंद पडलेल्या पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं, त्यांना अवयवदानाबद्दल विचारायचं, ते हो म्हणाले तर पुढची सगळी व्यवस्था बघायची, हे माझं काम.

ही नोकरी मला तत्त्वज्ञानानं मिळवून दिली, असं मी त्या काळात येता-जाता सांगत असे. सांगण्यामागं चीड होती. एम.ए.ला मी विद्यापीठात पहिली आले तेव्हा आमच्या घरात पेढे आले नाहीत. आप्पा म्हणाले, "पहिली आलीस हे बरं झालं, पण कशात?" लग्नकार्यात काका मंडळी विचारायची, आता हिमालयात कधी जाणार. दोन वर्षं मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. मग विमा कंपनीत फोनवर बसले. मग स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये नीतिशास्त्राचा पेपर दीडशे पोरांना पाठ करून घेतला. शेवटी कॉलेजात मला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या घोरपडे मॅडमनी या जागेबद्दल कळवलं. पदवी कुठलीही चालत होती. मुलाखत हॉस्पिटलचे प्रमुख डॉ. सबनीस यांनी स्वतः घेतली. म्हणाले, "नर्सेस नातेवाइकांना सरळ सांगतात आणि लोक बिथरतात. तुम्ही तत्त्वज्ञानवाले मरणाबद्दल गोड बोलता. मला बोलणारं माणूस हवंय." मी हसले होते. घरी जाऊन आप्पांना सांगितलं, बघा, माझ्या विषयाची गरज असलेली एक तरी जागा जगात आहे.

जागा होती, पण तिथं माझा विषय कुणाला नको होता. दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर एक आकडा यायचा. किती कुटुंबांशी बोलले आणि किती हो म्हणाली. आकडा घसरला की सबनीस विचारायचे, "मगदूम, कुठं कमी पडतोय आपण?" साबणाची विक्री घसरल्यावर विचारतात तसं. तरी मी टिकून होते, कारण बाकी काम खरं होतं. एकाच्या जाण्यानं तीन-चार माणसं उठून घरी जाताना मी पाहिली होती.

मेंदू मृत झाला की नाही हे ठरवायची रीत कायद्यानं घालून दिलेली आहे. चार डॉक्टर मिळून तपासणी करतात. मग निदान सहा तास थांबतात आणि तीच तपासणी पुन्हा करतात. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच तो माणूस मेला असं म्हणायचं. तोवर तो पेशंट. बिरूची पहिली तपासणी त्या सकाळी झाली होती. दुसरी संध्याकाळी व्हायची होती.

शालनला मी काही सांगणार तेवढ्यात सबनीसांचा निरोप आला. मी तिला म्हटलं, आलेच मी, उत्तर दिल्याशिवाय जाणार नाही.

केबिनमध्ये सबनीस उभेच होते. त्या संध्याकाळी आमच्या नव्या हृदय प्रत्यारोपण विभागाचं उद्घाटन होतं. मंत्री येणार होते. खाली मांडव पडला होता, खुर्च्या लागत होत्या. आणि वर चौथ्या मजल्यावर मैथिली होती.

मैथिलीबद्दल सांगायला हवं. अठरा वर्षांची पोर, हृदय निकामी होत चाललेलं. दीड-दोन महिने ती आमच्याकडं होती. मी रोज तिच्याकडं जात असे. पलंगावर बसून ती लोकांच्या पायांची चित्रं काढायची, कारण पलंगाभोवतीच्या पडद्याखालून तिला तेवढंच दिसायचं. माझ्या चपला तिनं तीनदा काढल्या होत्या आणि तिन्ही वेळा अंगठा चुकला म्हणून हसली होती. बिरूचा रक्तगट तिच्याशी जुळत होता.

सबनीस म्हणाले की बिरूच्या म्हाताऱ्या वडिलांशी ते स्वतः बोललेत. म्हातारा म्हणतो, साहेब म्हणतील तसं. फक्त ती सून प्रश्न विचारतेय, तिला तेवढं बघा. आता होकार घ्या, दुपारी ऑपरेशनची तयारी लागेल, मंत्री येतील तेव्हा त्यांना सांगता येईल की जिल्ह्यातलं पहिलं हृदय बसलं.

मी विचारलं, "आणि दुसरी तपासणी?"

"ती होईल. वेळ मागंपुढं लिहिता येते."

"सर, तिनं मला सरळ विचारलंय, नवरा आहे की गेला. मी काय सांगू?"

"गेला म्हणून सांगा. गेलेलाच आहे तो. मी तीस वर्षं मेंदू बघतोय, दुसऱ्या तपासणीत काही बदलत नाही. ती फक्त औपचारिकता आहे."

मी म्हटलं, औपचारिकता असेल तर ती पूर्ण होऊ दे. तोवर मी बिरूला मेलेला म्हणणार नाही आणि अवयव मागणारही नाही.

सबनीस चिडले की आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. तसे ते हळू आवाजात म्हणाले, "मगदूम, हा तुमचा तत्त्वज्ञानाचा वर्ग नाही. वर एक पोर मरतेय. तिला तुम्ही ओळखता."

ते मला सगळ्यात जास्त झोंबलं. मैथिलीचं नाव त्यांनी तिच्यासाठी घेतलं असतं तर मी कदाचित डगमगले असते. पण खाली मांडवात माइकची चाचणी चालली होती, हॅलो, हॅलो, एक, दोन. तो आवाज केबिनमध्ये येत होता. दुपारऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं असतं तर मैथिलीचं काही बिघडणार नव्हतं, हे तिच्याच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. बिघडणार होता तो फक्त मांडव.

मी बाहेर आले. बाकावर शालनच्या शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. मेंदू म्हणजे काय, तो बंद पडला म्हणजे काय, मशीन काय करतंय. पहिली तपासणी झाली, त्यात मेंदू बंद आहे असंच दिसलं. दुसरी संध्याकाळी आहे. ती बहुतेक वेगळं काही सांगणार नाही, उगाच आशा धरू नकोस. पण ती होईपर्यंत कायद्यानं तो जिवंत आहे, आणि मीही तसंच म्हणणार.

तिनं विचारलं, "म्हंजी संध्याकाळपतूर हाय?"

"संध्याकाळपर्यंत आहे."

"मग मला आत जाऊ द्या."

आयसीयूमध्ये नातेवाइकांना पाच मिनिटं सोडायचा नियम होता. तिथल्या सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं आणि एक स्टूल आत नेऊन ठेवलं. शालन संध्याकाळपर्यंत त्या स्टुलावर होती. पहिल्यांदा नुसती बसली. मग त्याच्या नखांतली माती काढत बसली. मग बोलायला लागली, काय ते मला काचेबाहेरून ऐकू आलं नाही. मध्येच एकदा तिनं त्याला चांगलं रागावलेलं दिसलं, बोट नाचवून. दुपारी मी पाहिलं तेव्हा नळ्या-वायरी सांभाळत तिनं त्याच्या छातीवर कान ठेवला होता. ती झोपली असेल असं मला वाटलं. डोळे उघडे होते.

सासरे बाहेर पटका मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना मी चहा आणून दिला. ते म्हणाले, पोरगी म्हणंल ते खरं, माझं डोकं चालंना.

मांडवात मंत्री आले, फीत कापली, भाषणं झाली. हृदयाचा उल्लेख कुणी केला नाही.

दुसरी तपासणी झाली. चौघांनी सह्या केल्या. निकाल सकाळचाच होता. डॉक्टरांनी सांगितलं आणि मग मी शालनला घेऊन बाजूच्या खोलीत बसले. मी माझं काम नेहमीसारखंच केलं, जरा जास्तच मन लावून केलं. काय काय देता येतं ते सांगितलं. कुणासाठी ते नाव न सांगता सांगितलं की हृदयाची वाट बघणारी एक तरुण मुलगी आहे. नाही म्हणालीस तरी तुला कुणी बोलणार नाही हेही सांगितलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आता गेला म्हणताय न्हवं? मग देते. सकाळीच मागितलं असतं तर तुमचं थोबाड फोडलं असतं."

किडन्या, लिव्हर, डोळे, सगळ्याला हो म्हणाली. हृदय म्हटल्यावर तिनं मान हलवली.

मी पुन्हा विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी पायांची चित्रं होती, म्हणून कधी विचारत नाही ते मी तिसऱ्यांदा विचारलं.

"ताई, दिसभर मी ते ऐकलंय," ती म्हणाली. "त्येवढं त्याचं त्याला राहू द्या. बाकी समदं न्या."

मी फॉर्मवर तसंच लिहिलं.

सबनीसांनी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यांनी एकच वाक्य बोलून कागद पुढं केला. "तुम्ही तिला दिवसभर ते ऐकायला बसवलंत." कागदाचा अर्थ एवढाच होता, राजीनामा द्या, नाहीतर आम्ही शिस्तभंगाचं पत्र देतो. मी राजीनामा दिला. मैथिलीला भेटायला वर जायचं होतं, पण ओळखपत्र काढून घेतलं होतं आणि लिफ्टपाशी सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. कालपर्यंत तो मला नमस्कार करायचा.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसले असते. नोकऱ्या जातात.

दहा-बारा दिवसांनी घोरपडे मॅडमचा फोन आला. त्यांच्या कॉलेजात तत्त्वज्ञान विभागाचा कार्यक्रम होता, पदवीनंतर काय करता येईल यावर. विभागात एकूण अकरा विद्यार्थी उरले होते आणि संस्थेनं कळवलं होतं की पुढच्या वर्षी संख्या वाढली नाही तर विभाग बंद. मॅडमनी मला हे शिकवलं होतं की कुठल्याही प्रश्नाला घाबरायचं नाही. त्या दिवशी फोनवर त्या स्वतः घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, नुसती येऊन बस, तू दिसलीस तरी पोरांना धीर येईल. माझी नोकरी गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. आणि प्रमुख पाहुणे कोण हे त्यांनी मला सांगितलं नाही.

मी पोचले तेव्हा सबनीस मंचावर होते. हॉल भरलेला होता, शेजारच्या वर्गांतली पोरं आणून बसवली होती. सबनीस चांगलं बोलत. त्यांनी सांगितलं की तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हॉस्पिटलमध्ये, कंपन्यांत, मनुष्यबळ विभागात, माध्यमांत केवढी मागणी आहे. आपल्या हॉस्पिटलमध्ये दर वर्षी या विभागातल्या तीन मुलांना प्रशिक्षण देणार असं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले की नुकतंच आमच्याकडं एका तरुणाचं अवयवदान झालं. त्याच्या पत्नीला आम्ही दिवसभर पतीजवळ बसू दिलं, घाई केली नाही, तिच्या भावनांचा मान राखला, आणि हे आम्हाला सुचलं ते तुमच्याच विभागाच्या एका विद्यार्थिनीमुळं. हेच तत्त्वज्ञानाचं योगदान.

पुन्हा टाळ्या झाल्या. मॅडमनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं.

मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. आवाज माझाच होता पण ओळखू येत नव्हता. मी म्हटलं, "डॉक्टर, मला एक विचारायचंय. दुसरी तपासणी व्हायच्या आधी तिच्याकडून होकार घ्यायला तुम्ही मला सांगितलं होतं का? हो की नाही, एवढंच सांगा."

मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, प्रणिता, बस खाली. मी बसले नाही.

सबनीस गडबडले नाहीत. त्यांनी माइक जवळ घेतला आणि आवाज खाली आणला. "हो," ते म्हणाले. "सांगितलं होतं. आणि तुम्ही ऐकलं नाहीत. त्या हृदयाची वाट बघणारी मुलगी परवा गेली."

मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते असं, भरल्या हॉलमध्ये, माइकवरून कळलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलींनी वळून माझ्याकडं पाहिलं, मी काही घाण केल्यासारखं. पण त्याच वेळी सबनीसांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की हे वाक्य त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मी आले आणि तोंड उघडलं तर म्हणून. त्या पोरीचं मरण त्यांनी खिशात घालून आणलं होतं.

मी म्हटलं, "मैथिली गेली हे ऐकून मला काय होतंय ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण तिच्या आईनं त्या दुपारी तुम्हाला विचारलं असतं, डॉक्टर, हे हृदय नक्की मेलेल्या माणसाचं आहे ना, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

त्यांचा माइक धरलेला हात खाली आला. त्या क्षणी मला वाटलं की आता खरं काहीतरी बोलतील. मग मॅडमनी माइक घेतला, पाहुण्यांचे आभार मानले आणि चहासाठी बाहेर यायला सांगितलं.

सगळे गेल्यावर मॅडम मला रिकाम्या वर्गात घेऊन गेल्या. दार लावून घेतलं. तीन मुलांच्या जागा गेल्या, म्हणाल्या. विभाग गेला. तुला तुझा खरेपणा दाखवायला माझंच छप्पर सापडलं का? मी त्यांना सगळी हकिगत सांगितली, केबिनपासून छातीवर ठेवलेल्या कानापर्यंत. त्या ऐकत गेल्या. माझी खात्री होती की ऐकून झाल्यावर त्या जवळ घेतील. ज्या बाईनं आम्हाला सांगितलं होतं की माणसाला कधी साधन म्हणून वापरायचं नसतं, ती दुसरं काय करणार?

मी विचारलं, "मॅडम, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

त्या खिडकीकडं बघत होत्या. "मी सकाळीच होकार घेतला असता," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तो गेलेलाच होता, प्रणिता. संध्याकाळीही गेलेलाच निघाला. ती पोर जगली असती. ती बाई रडली असती, तिला काय कळणार होतं. मी होकार घेतला असता आणि आयुष्यभर वाईट वाटून घेतलं असतं. तेही तत्त्वज्ञानच आहे. तेही मी तुला शिकवलं होतं. तू लक्ष दिलं नाहीस."

एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. सबनीसांचासुद्धा आला नव्हता. सबनीसांना मांडव हवा होता, त्यांचं खोटं मला समजत होतं. मॅडम खोटं बोलत नव्हत्या. विभागासाठी बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी टेबलावरचा डस्टर उचलून फळ्यावर फेकला. खडूची धूळ दोघींच्या अंगावर उडाली. मी दार उघडून निघून आले.

विभाग जूनमध्ये बंद झाला. मॅडमना संस्थेनं दुसऱ्या कॉलेजात पर्यावरण शिकवायला पाठवलं. काही वर्षांनी त्या वारल्या, मी अंत्यदर्शनाला गेले नाही.

मी आज दुसऱ्या शहरात एका सरकारी रुग्णालयात तेच काम करते. ते मिळायला तीन वर्षं लागली आणि मधल्या काळात पुन्हा तो नीतिशास्त्राचा पेपर पाठ करून घ्यावा लागला. आता आप्पा लोकांना सांगतात की पोरगी दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. विषय कुठला ते सांगत नाहीत.

अजून दर वेळी असंच होतं. पहिली तपासणी झालेली असते, बाकावर कुणाची आई किंवा बायको बसलेली असते आणि कुठल्यातरी दुसऱ्या शहरात कुणी वाट बघत असतं. त्याचं वय मला ठाऊक असतं. मी बाकावर बसते, दुसरी तपासणी व्हायची आहे असं सांगते, आणि सांगता सांगता मला मॅडमचा राग येतो. मनातल्या मनात मी त्यांच्याशी कडाकडा भांडते. त्या दर वेळी त्यांचं तेच सांगतात, शांतपणे, खिडकीकडं बघत. कधी कधी त्यांचं बरोबर वाटतं. तेव्हा मी आणखी चिडते, आणि सिस्टरना सांगून आत एक स्टूल ठेवायला लावते.